मदत हवी आहे: आपण श्रीमंत आहोत का, हे कशावरून ठरवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही घणसोलीत राहतो, दोघंही नोकरी करतो. मिळून महिन्याला 1 लाख 35 हजार हातात येतात. म्हाडाच्या सोडतीसाठी अर्ज भरायला बसलो, तर वर्षाला 12 लाखांच्या वर कौटुंबिक उत्पन्न म्हणजे थेट उच्च उत्पन्न गट! आणि तिकडे 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाख पगार असलेल्या एकट्या माणसाला आयकरच लागत नाही.

घराचा हप्ता 54 हजार. मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं, मेंटेनन्स भरला की वीस तारखेनंतर मी भाजीसुद्धा मोजून घेते. पण आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं चौघांचं कुटुंब तळवलीत एका खोलीत राहतं. परवा त्यांची लेक आमच्या फ्रिजचं दार उघडून कितीतरी वेळ नुसती बघत उभी होती. तेव्हापासून "आपलं भागत नाही" हे माझ्या तोंडून निघत नाही.

आता खरी अडचण. साताऱ्याच्या नणंदेने भाच्याच्या इंजिनिअरिंगसाठी 2 लाख मागितलेत. "तुमचं काय, मुंबईचा पगार!" नाही म्हणताना जीव तुटतो, आणि हो म्हटलं तर मोडायला एकच एफडी आहे, आजारपणासाठी ठेवलेली.

तुम्ही श्रीमंती कशावरून धरता? पगारावरून, की महिनाअखेरीस उरतं त्यावरून? नातेवाइकांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला ठेवणारं कोणी आहे का? किती ठेवता, आणि त्यापुढे नाही कसं म्हणता?