शाकाहारी सासूबाईंना मेक्सिकन साखळी उपाहारगृहात नेताना नेमके काय विचारावे?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही दीड वर्षापासून ओहायोमध्ये राहतो आणि पुढच्या महिन्यात माझे सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येत आहेत. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. सासऱ्यांना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बाहेर जेवावे, पण पाच जणांचे बिल आवाक्यात राहावे, असा विचार करताना मेक्सिकन साखळी उपाहारगृहे सर्वांत सोयीची वाटतात, कारण बीन्स, भात, मिरच्या, टोमॅटो आणि मक्याची टॉर्टिया (पातळ पोळी) हाच तिथल्या स्वयंपाकाचा पाया आहे.

तरीही मनात धास्ती आहे. मागच्या वर्षी माझी आई आली होती तेव्हा टेबलावर वाढणाऱ्या अशाच एका उपाहारगृहात मी "यात मांस नाही ना?" एवढेच विचारून चीज एन्चिलाडा (सारण भरून वर सॉस घातलेली टॉर्टिया), बीन्स आणि भात मागवला होता. जेवण संपत आले तेव्हा शेजारच्या टेबलावरील बाईंना वाढपी सांगत होता की भात कोंबडीच्या स्टॉकमध्ये, म्हणजे कोंबडी उकळून काढलेल्या पाण्यात, शिजवलेला असतो. आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण हातातला चमचा तिने खाली ठेवला, आणि ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सासूबाईंच्या बाबतीत तसे घडू नये म्हणून विचारते: कोणत्या प्रकारच्या उपाहारगृहात जावे, काय विचारावे, आणि सासऱ्यांसाठी काय मागवावे?

उत्तरायण

रानजाई, मी गेली बावीस वर्षे टेक्ससमध्ये आहे आणि जन्मापासून शाकाहारी आहे, त्यामुळे आपल्या मनातली टोचणी मी चांगली ओळखतो. आपली चूक प्रश्न न विचारण्याची नव्हती, प्रश्नाच्या शब्दांची होती. "मांस आहे का?" असे विचारले की वाढपी मांसाच्या तुकड्यांचा विचार करतो आणि प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, चरबी आणि स्टॉक या गोष्टी त्याच्या दृष्टीने मांसात मोडतच नाहीत. म्हणून पदार्थाचे नाव घेऊन घटकाचा प्रश्न विचारावा.

पहिला प्रश्न बीन्सचा. फ्रिहोलेस रेफ्रितोस, म्हणजेच ज्याला अमेरिकेत रिफ्राइड बीन्स म्हणतात ते शिजवून घोटलेले पिंटो बीन्स, परंपरेने डुकराच्या चरबीत परततात. (नावातील "रे" मुळे ते दोनदा तळतात असा समज होतो, पण मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये त्या उपसर्गाचा अर्थ "नीट, भरपूर" असा आहे.) आता बऱ्याच साखळ्या वनस्पती तेल वापरतात, तरी विचारल्याशिवाय मागवू नये. अख्खे काळे बीन्स तुलनेने सुरक्षित असतात, मात्र तिथेही कधी बेकन किंवा हॅमचा तुकडा चवीसाठी घातलेला असतो.

दुसरा प्रश्न भाताचा, ज्याचा अनुभव आपण घेतलाच आहे. टोमॅटो घालून केलेला लालसर भात कोंबडीच्या स्टॉकमध्ये किंवा त्याची पूड घातलेल्या पाण्यात शिजवणे ही तिथली नेहमीची रीत आहे. तिसरा प्रश्न सॉसचा: एन्चिलाडावरचा लाल सॉस, तसेच मोले हा मिरच्या-मसाल्यांचा घट्ट सॉस, यांत बहुतेक वेळा स्टॉक असतो. तमाले या पानात गुंडाळून वाफवलेल्या पदार्थाच्या मक्याच्या पिठात तर चरबी फेटून घालतात, म्हणून आत केवळ चीज आणि मिरची असली तरी तो पदार्थ सासूबाईंसाठी टाळावा. मैद्याच्या टॉर्टियातही जुन्या पद्धतीप्रमाणे चरबी असू शकते. मक्याच्या टॉर्टियात ती सहसा नसते, कारण त्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटलेला असतो आणि त्या पिठाला बांधून ठेवण्यासाठी वेगळे काही लागत नाही.

चिली रेयेनो हा पदार्थ मेनूवर "चीज भरलेली मिरची" असा लिहिलेला दिसेल आणि सासूबाईंना तो लगेच आवडेल असे वाटेल, परंतु पोब्लानो मिरचीवरचे ते फुललेले आवरण फेटलेल्या अंड्याचे असते. मी स्वतः हे तीन वर्षांनी समजून घेतले.

माझे मत विचाराल तर पहिल्या काही वेळा काउंटरवरून समोर घटक निवडून घ्यायच्या उपाहारगृहातच जावे. तिथे सासूबाईंना प्रत्येक वस्तू डोळ्यांनी दिसते आणि त्यांचा विश्वास बसतो.

कमलाक्ष

काउंटरच्या साखळ्यांबद्दल थोडी भर घालतो. चिपोटले ही साखळी 1993 मध्ये डेन्व्हर येथे सुरू झाली आणि त्यांच्या मांडणीचा मोठा गुण असा की घटकांची यादी लहान व उघड आहे. त्यांचे काळे आणि पिंटो असे दोन्ही बीन्स आज शाकाहारी आहेत, परंतु 2013 च्या सुमारापर्यंत पिंटो बीन्समध्ये बेकन असे. हे मुद्दाम सांगतो, कारण जुन्या ओळखीच्या माणसाने दिलेली माहिती, चांगली किंवा वाईट, आज लागू असेलच असे नाही. भात कोथिंबीर आणि लिंबाचा असतो, त्यात स्टॉक नसतो. मांसाऐवजी सोफ्रितास नावाचा मसालेदार टोफू मिळतो, आणि मांस न घेता केवळ भाज्यांचा बोल (टॉर्टियाऐवजी वाडग्यात वाढलेले घटक) मागवला तर ग्वाकामोलेचे, म्हणजे अवोकाडोच्या चटणीचे, वेगळे पैसे पडत नाहीत. पाच जणांच्या बिलात तो फरक जाणवतो.

टॅको बेल या दुसऱ्या साखळीची सुरुवात 1962 मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे ग्लेन बेल यांनी केली. त्याआधी सॅन बर्नार्डिनो येथे त्यांचा हॅम्बर्गरचा गाडा मित्ला कॅफेसमोर होता. मित्ला कॅफे हे मेक्सिकन कुटुंबाचे उपाहारगृह 1937 पासून तिथे आहे, आणि तळलेल्या कडक कवचाचा टॅको (दुमडलेल्या टॉर्टियात भरलेले सारण) ग्लेन बेल यांनी तिथेच पाहिला. आज ज्या साखळीला लोक सर्रास "खरे मेक्सिकन नव्हे" म्हणून बाजूला सारतात, तिची चव एका खऱ्या मेक्सिकन कुटुंबाच्या स्वयंपाकघरातून आली आहे, याचे भान ठेवावे असे मला मनापासून वाटते. आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे म्हणजे 2015 मध्ये त्यांच्या मेनूतील अनेक पदार्थांना अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनचे प्रमाणपत्र मिळाले, आणि तिथले रिफ्राइड बीन्स चरबीविना केलेले असतात.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. फाहिता या तव्यावर परतलेल्या पदार्थासाठीची ढोबळी मिरची आणि कांदा कोणत्या तव्यावर परतले, हा प्रश्न सासूबाईंसाठी महत्त्वाचा असेल तर तोही विचारावा. काउंटरवरचे हातमोजे बदलायला सांगितले तर कर्मचारी सहसा आनंदाने बदलतात.

शमी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे आपल्या सासऱ्यांबद्दल लिहिते. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला 2,300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम नको, अशी सर्वसाधारण मर्यादा सांगितली जाते, आणि डॉक्टरांनी त्यांना याहून कमी आकडा दिलेला असू शकतो. मेक्सिकन साखळ्यांमधील एक भरलेला बुरितो (मोठ्या टॉर्टियात गुंडाळलेले सारण), सोबत चिप्स आणि साल्सा (टोमॅटो-मिरचीची चटणी), एवढ्यानेच ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. यात मोठा वाटा अनपेक्षित ठिकाणी असतो: बुरितोची मैद्याची मोठी टॉर्टिया एकटीच सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम आणि सुमारे 320 कॅलरी घेऊन येऊ शकते. म्हणून त्यांच्यासाठी बुरितोऐवजी बोल मागवावा, साल्सा वेगळ्या वाटीत घ्यावा, चीज आणि केसो (वितळलेल्या चीजचा सॉस) यांपैकी एकच निवडावे, आणि चवीसाठी लिंबाच्या फोडी, कोथिंबीर व कच्चा कांदा जास्त मागावा. लिंबाच्या आंबटपणामुळे कमी मिठाचा घास अळणी लागत नाही.

ज्या साखळीच्या 20 किंवा अधिक शाखा आहेत तिला मे 2018 पासून मेनूवर कॅलरी लिहिणे बंधनकारक आहे, आणि सोडियमसह बाकीची माहिती मागितल्यास लेखी द्यावी लागते. ही माहिती मागायला संकोच करू नये. लहान, एकट्या उपाहारगृहांवर हे बंधन नाही, म्हणूनच पथ्य असलेल्या माणसासाठी मला साखळी अधिक भरवशाची वाटते.

सांजवेळ

उत्तरायण यांच्या सगळ्या माहितीशी मी सहमत आहे, पण त्यांच्या शेवटच्या सल्ल्याशी नाही. काउंटरवर रांगेत उभे राहून, मागच्या माणसाची घाई पाठीवर घेऊन, अनोळखी शब्दांतून निवड करणे हे वयस्कर माणसांना अवघड जाते. माझे वडील असे दोनदा न जेवताच परतले. टेबलावर वाढणाऱ्या ठिकाणी बसल्याबरोबर चिप्स आणि साल्सा समोर येतात, बहुतेक ठिकाणी ते बिलात नसतात आणि संपले की पुन्हा भरून देतात, मग शांतपणे बोलत, विचारत जेवता येते. दुपारी गेलात तर त्याच पदार्थांचा लंच मेनू स्वस्त असतो, आणि ताटे इतकी मोठी असतात की दोघांत एक सहज पुरते.

टिपचा हिशेब मात्र आधीच धरावा. टेबलावर वाढणाऱ्याला 15 ते 20 टक्के द्यायचे असतात, आणि ते ऐच्छिक समजू नये, कारण टिप मिळणाऱ्या कामगारांचे संघीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवरच थांबलेले आहे. बऱ्याच राज्यांत ते जास्त आहे इतकेच. आपल्या पाच प्रश्नांची उत्तरे आणायला जो माणूस दोनदा स्वयंपाकघरात जाऊन येतो, त्याला मी नेहमी थोडे अधिक देते.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्यांदा काउंटरवर जाऊ, पण गर्दी नसेल अशा दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे सासूबाईंना घाई होणार नाही. एक शेवटचा प्रश्न: स्वयंपाकघरातील माणसाला इंग्रजी कमी येत असेल तर चरबी आणि स्टॉक यांबद्दल कसे विचारावे?

उत्तरायण

चरबी म्हणजे "मान्तेका" आणि कोंबडीचा स्टॉक म्हणजे "काल्दो दे पोयो". पदार्थाकडे बोट दाखवून "येवा मान्तेका ओ काल्दो दे पोयो?" असे विचारावे, म्हणजे "यात चरबी किंवा कोंबडीचा स्टॉक आहे का?" अंड्यासाठी "वेवो" हा शब्द आहे. केवळ "सिन कार्ने", म्हणजे "मांसाशिवाय", असे म्हणू नये. त्याने आपण पुन्हा मागच्या वर्षीच्या त्याच भातापाशी येऊ.