पाळणाघराची फी आईच्याच पगारातून का वजा करायची?

(सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

बी ५०३: नमस्कार, वाकडमध्ये संध्याकाळी आठपर्यंत उघडं असणारं पाळणाघर कुणाला माहितीये का? ऑफिसने आता पाचही दिवस यायला सांगितलंय, मुलगी अडीच वर्षांची, सध्याचं पाळणाघर साडेसहाला बंद होतं आणि हिंजवडी फेज थ्रीमधून सहाला निघालं तरी त्या ट्रॅफिकमधून साडेसहाला पोचणं शक्यच नाही. फी ११ हजार, उशीर झाला की तासाचे वेगळे.

ए २०२: मागच्या गल्लीत एक ताई घरीच सांभाळतात, चारपाचच मुलं घेतात, आठपर्यंत ठेवतात. पर्सनलवर नंबर देते

बी ५०३: थँक्यू ताई. घरी सगळे म्हणतायत फी, रिक्षा, उशिराचे पैसे धरले तर तुझ्या पगारातलं उरतं काय, त्यापेक्षा दोन वर्षं घरी बस

सी १०१: हे गणितच चुकीचं मांडतात गं. मूल दोघांचं ना, मग फी आईच्याच पगारातून का वजा करायची? दोघांच्या पगारातून करून बघ, लगेच वेगळं दिसतं. आणि नुसता हातात येणारा पगार नसतो, कंपनी पीएफमध्ये बेसिकच्या १२ टक्के भरते, दरवर्षीची वाढ असते, अनुभव असतो. माझ्या बहिणीने अशीच दोन वर्षांसाठी नोकरी सोडली, परत इंटरव्ह्यूला गेली तर गॅप का म्हणून सगळीकडे तेच, शेवटी आधीपेक्षा कमी पगारावर घेतलं. तो तोटा कुणी फीच्या शेजारी लिहीत नाही.

ए ७०४: आजीआजोबा असतील तर बोलवून घ्या की, आमच्या वेळी पाळणाघर वगैरे नव्हतंच

सी ४०३: भाऊ, मी नातवाला सांभाळते, मनापासून सांभाळते, पण दिवसभर त्याच्यामागे धावून संध्याकाळी गुडघे उचलत नाहीत. सूनबाईला स्पष्ट सांगितलंय, अर्धा दिवस मी, अर्धा दिवस पाळणाघर. आजीला पगार नाही म्हणून खर्च नाही असं धरू नका.

ए ७०४: बरोबर आहे वहिनी, हे लक्षात नव्हतं आलं

डी ३०२: मी एचआरमध्ये आहे म्हणून सांगतो. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीला बंधनकारक आहे, बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून, त्याच वेळी बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची २६ झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला बघायला जाता येतं. रजेनंतर काम घरून होण्यासारखं असेल तर तसं कंपनीशी ठरवूनही घेता येतं. वहिनी, तुमच्या ऑफिसला मेल टाकून लेखी विचारा, तोंडी विचारलं की विषय तिथेच राहतो.

बी ५०३: हे मला जॉइन होताना कुणीच सांगितलं नाही!!

डी ३०२: नेमणुकीच्या वेळी लेखी कळवणं हेही कायद्यातच आहे

डी ६०१: केंद्र सरकारच्या नोकरीत बायकांना मुलांसाठी अख्ख्या सेवेत ७३० दिवसांची रजा मिळते, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ८० टक्के. बाबांना बाळ झाल्यावर १५ दिवस. खासगीत बाबांसाठी कायद्याने एक दिवस पण नाही, म्हणून मग सगळं आईवरच येऊन पडतं

ए २०२: अजून एक सांगते, फी आपल्याला जड जाते हे खरंच आहे पण ज्या मावशी दिवसभर मुलांचं शी-शू, जेवण, झोप सगळं करतात त्यांच्या हातात फार कमी पडतं. घासाघीस करताना एवढं बघा

बी ५०३ (बाबा): सगळं वाचलं. सी १०१ ताईंचं पटलं, आमच्या घरी पण हिच्याच पगाराचा हिशोब चालला होता. माझ्या टीमचे कॉल रात्री असतात, त्यामुळे मंगळवार-गुरुवार चारला निघून मुलीला मी आणू शकतो, उरलेलं काम ती झोपल्यावर. मॅनेजरशी उद्याच बोलतो. उरलेल्या तीन दिवसांना त्या ताई चालतील का?

ए २०२: विचारून बघा, तीन दिवसांचं पण घेतात कधीकधी. शनिवारी फोन करून जा, मुलीला घेऊनच जा, फक्त दुपारी एक ते तीन नको, तेव्हा बाकीची मुलं झोपलेली असतात