मदत हवी आहे: पॉवर टिल्ट स्टिअरिंगची मोटर फिरते, पण स्टिअरिंग वर येत नाही

चक्रधर:
गाडीत बटणाने वर-खाली होणारं स्टिअरिंग आहे. चावी काढली की आपोआप वर जातं, लावली की आधीच्या जागी येतं. बॅटरी बदलल्यापासून वरच्या टोकाला पोचल्यावरही मोटर दोन-तीन सेकंद घुमत राहायची. आता स्टिअरिंग खालीच अडकलंय. बटण वर दाबलं की मोटरचा आवाज नेहमीपेक्षा हलका येतो, मोकळी फिरल्यासारखा, आणि मधूनमधून टक्‌टक् होतं. त्याच वेळी हाताने वर उचलून धरलं तर थोडं सरकतं, मग पुन्हा अडतं. फ्यूज तपासला, ठीक आहे.

तीन प्रश्न: दोष गिअरचा की मोटरचा? अख्खा कॉलम (स्टिअरिंगचा दांडा आणि त्याभोवतीचा सांगाडा) न उतरवता काम होईल का? प्लास्टिकचा गिअर चिकटवून चालेल का?

कातारी:
आवाज येतोय म्हणजे फ्यूज, रिले, बटण, वायरिंग आणि मोटर यांच्या मागे लागू नका. दोष मोटरच्या पुढे आहे.

रचना अशी असते. १२ व्होल्टची छोटी मोटर, तिच्या दांड्यावर लोखंडी वर्म (स्क्रूसारखा आट्यांचा गिअर), वर्मला भिडलेलं प्लास्टिकचं दातेरी चाक, ते चाक एक लांब आट्यांचा स्क्रू फिरवतं आणि स्क्रूवरचा नट कॉलमला वर-खाली ढकलतो. हाताने वर-खाली करायच्या स्टिअरिंगला लॉकचा खटका असतो, तसा इथे नसतो. गाडी चालवताना स्टिअरिंग जागेवर राहतं ते या स्क्रू-नटमुळेच. म्हणून भागांचे दोन गट मनात पक्के करा: हलवणारे आणि धरणारे. मोटर, वर्म आणि दातेरी चाक हलवणारे, त्यांची दुरुस्ती घरी होते. स्क्रू, नट, पिव्हटचे बोल्ट आणि ब्रॅकेट धरणारे. त्यात जुगाड अजिबात नको.

कोणता गट गेलाय ते उघडण्याआधीच कळतं. गाडी बंद, मोटर बंद. स्टिअरिंगची रिंग वर आणि खाली दोन्हींकडे दाबून बघा. घट्ट असेल तर नट शाबूत आहे आणि चाकाचे दाते गेलेत. हाताने सरकत असेल किंवा कट्‌कन खाली बसत असेल तर नटाचे आटे गेलेत. मग गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही, एक फेरीसुद्धा नाही.

तुमची लक्षणं दात्यांची वाटतात. चाकाचे दाते एकाच जागी तुटलेले असतात. हाताने उचललं की भार कमी होतो, उरलेली खुंटं वर्म पकडतात आणि चाक तेवढी जागा ओलांडतं. पुढे चांगले दाते येतात, स्टिअरिंग सरकतं, आणि एक फेरा पूर्ण झाला की तीच तुटकी जागा परत वर्मसमोर. अडण्याचं अंतर दर वेळी सारखंच आहे का बघा. सारखं असेल तर शंका नको.

तारजोड:
गिअर बदलण्याआधी तो *का* तुटला ते शोधा, नाहीतर नवाही जाईल. टोकाला पोचूनही मोटर घुमत होती, याचा अर्थ तिला थांबवणारी खबर मॉड्यूलला (मोटर चालवणाऱ्या कंट्रोल बॉक्सला) मिळत नव्हती. मोटर अडून पूर्ण ताकद लावते आणि वर्मसमोर जे चार-पाच दाते असतात तेच कापले जातात. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांमध्ये टोकांची नोंद पुसली जाते, ती पुन्हा द्यावी लागते. दुसरं कारण पोझिशन सेन्सर, म्हणजे स्टिअरिंग किती वर-खाली आहे ते कळवणारा. तो पोटेन्शिओमीटर प्रकारचा (दांडा फिरला की व्होल्टेज बदलणारा) असेल तर तीन वायर असतात: ५ व्होल्ट, अर्थ (ग्राउंड) आणि सिग्नल. सिग्नलच्या वायरला कनेक्टरच्या मागून व्होल्ट मीटरची टोकदार सुई (प्रोब) लावा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगून, हाताने मदत करत स्टिअरिंग सरकवा. आकडा सलग वाढला किंवा सलग उतरला पाहिजे. मध्येच शून्यावर किंवा ५ वर उडी मारली तर सेन्सर खराब, किंवा वायर आतून तुटलेली. ही वायरिंग टिल्टबरोबर रोज वाकते, त्यामुळे वरचं आवरण धड आणि आतली तार तुटलेली, असं होतं. मोजताना वायर हलवून बघा.

हे माप एअरबॅग जागेवर असतानाच घ्या. एअरबॅगचा प्लग काढलेला असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागून बिघाडाचा कोड नोंदला जातो.

कातारी:
आता उघडण्याबद्दल. बऱ्याच गाड्यांमध्ये खालची दोन कव्हरं आणि गुडघ्यासमोरचं पॅनल काढलं की मोटर दिसते. स्टिअरिंग आणि एअरबॅग काढावीच लागत नाही. आधी खाली वाकून बघा, मग ठरवा.

गाडीची पुढची चाकं सरळ करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला गुंडाळून ठेवा. एअरबॅगचा चार्ज उतरायला लागणारा वेळ गाडीगणिक वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये बघा. १० मिनिटांच्या आत तरी हात लावू नका. एअरबॅग काढावीच लागली तर तोंड वर करून ठेवायची आणि तिच्या पिनांना ओहम मीटर लावायचा नाही. मीटरचा करंटही ती फुटायला पुरेसा ठरू शकतो.

कॉलमच्या खालच्या टोकाच्या जॉइंटचा बोल्ट काढायची वेळ आली तर दांडा आणि जॉइंट दोन्हींवर रंगाची एक रेघ ओढा आणि स्टिअरिंग दोरीने बांधून टाका. जॉइंट सुटलेला असताना स्टिअरिंग गरागरा फिरलं की क्लॉकस्प्रिंगची (स्टिअरिंगमागे गुंडाळलेल्या वायरच्या डबीची) पट्टी तुटते आणि हॉर्नपासून एअरबॅगपर्यंत सगळं जातं. कॉलमवर हातोडी नको. धडकेत आक्रसण्यासाठी त्यात ठिसूळ प्लास्टिकच्या पिना असतात, त्या ठोक्याने तुटतात आणि बाहेरून दिसत नाहीत.

मोटर सोडवण्याआधी बॅलन्स स्प्रिंग कुठे आहे ते बघा. स्टिअरिंगचं वजन ती तोलते. ताणलेली असते, तिचा हूक निसटला तर बोट फुटेल. ती आधीच तुटलेली किंवा निसटलेली असेल तर मात्र दाते जाण्याचं कारण तिथेच सापडलं: सगळं वजन मोटर एकटी उचलत होती.

चक्रधर:
तपासलं. रिंग दोन्हींकडे घट्ट आहे. अडण्याचं अंतर दर वेळी सारखं. सेन्सरचा आकडा खालून नीट चढतो, पण वरच्या टोकाजवळ एकदम शून्य होतो. वायर हलवली तरी फरक नाही. स्प्रिंग जागेवर आहे. एअरबॅगला हात न लावता मोटर निघाली. पांढऱ्या चाकाचे पाच दाते एका जागी सपाट झालेत, बाकीचे नव्यासारखे. ग्रीस काळपट, मेणासारखं घट्ट, त्यात पांढरा भुगा. एवढ्या पाच दात्यांसाठी चाक बदलायचं का? इपॉक्सी भरून दाते कोरले तर?

कातारी:
नको. अशी चाकं बहुधा ॲसिटल किंवा नायलॉन या प्लास्टिकची असतात. ॲसिटलला इपॉक्सी, सुपरग्लू काहीही धरत नाही, पहिल्याच जोराला पापुद्रा निघेल. थ्रीडी प्रिंटचा विचार असेल तर पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) वापरू नका. ते साधारण ६० अंशांला मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅश त्याहून तापतो.

चाक हातात घेऊन भोकात बघा. आत साधी चौकट किंवा खाचा असतील तर ते फक्त हलवणारं चाक आहे, तयार नवं चाक बसवा. दाते मोजा, व्हर्निअरने बाहेरचा व्यास आणि जाडी घ्या, आणि दात्यांचा कल डावा की उजवा तेही नोंदवा. कल उलटा असेल तर चाक वर्मवर बसणारच नाही. भोकात आटे असतील तर हेच चाक नटाचंही काम करतंय, म्हणजे धरणारा भाग. मग सुटं चाक न लावता कंपनीचा पूर्ण संच घ्यायचा.

चक्रधर:
आत सहा खाचा आहेत, आटे नाहीत.

कातारी:
मग काम सोपं आहे. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने पूर्ण काढा. गंज सोडवायचा स्प्रे ग्रीस म्हणून मारू नका, तो उरलंसुरलं ग्रीस धुऊन नेतो. वर्मच्या लोखंडावर नख फिरवा. कड बोचली तर बारीक पॉलिश पेपरने मारा, ती नवं चाक कापेल. दात्यांना आणि स्क्रूला प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस पातळ थरात लावा. दात्यांच्या खाचा भरल्या की पुरे. मोटरच्या कार्बन ब्रशकडे ग्रीस जाऊ देऊ नका.

बसवण्याआधी मोटर मोकळ्या टेबलावर फिरवून बघा. गाडीचा कनेक्टर काढलेला हवा, १२ व्होल्ट १० अँपिअरच्या फ्यूजमधून, एकेक सेकंद, दोन्ही दिशांना. स्क्रू हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरतो का तेही बघा. कुठे जड लागला तर तो वाकलाय, आणि तो धरणारा भाग आहे.

तारजोड:
सेन्सरही याच वेळी बदला. वरच्या टोकाजवळ शून्य म्हणजे आतली कार्बनची पट्टी तिथे घासली गेलीय, कारण आपोआप वर जाऊन स्टिअरिंग रोज तिथेच थांबतं. जुना काढताना त्याचा दांडा ज्या कोनात होता त्याच कोनात नवा बसवा, नाहीतर मोजणी सरकेल.

जोडल्यावर मॅन्युअलप्रमाणे टोकांची नोंद द्या. शेवटचा थोडा भाग बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत न्या, मोटर टोकाला रेटू नका. आपोआप वर जायची सोय मेनूतून बंद करता येत असेल तर नोंद होईपर्यंत बंदच ठेवा. जॉइंट सोडवलेला नाही, त्यामुळे स्टिअरिंग अँगल सेन्सरला (स्टिअरिंग किती वळलं ते मोजणाऱ्या) सहसा काही करावं लागणार नाही. वायरिंगला पट्टी बांधताना मात्र स्टिअरिंग आधी पूर्ण वर, मग पूर्ण खाली नेऊन बघा. दोन्ही टोकांना तार सैल राहिली पाहिजे.