बाबांचा आयपॉड लिनक्सला जोडता येईल का? (मदत हवी आहे)

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लॅपटॉपचा आहे, पण सुरुवात आयपॉडपासून करावी लागेल.

बाबा ७२ वर्षांचे. आतेभावाने २००६ मध्ये अमेरिकेहून आणलेला ३० जीबीचा काळा आयपॉड (व्हिडिओवाला, गोल चाकाचा) ते अजून वापरतात. त्यात विकतची गाणी जवळपास नाहीतच. सगळं त्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत रेडिओवरून कॅसेटवर उतरवलेलं आहे: नाट्यपदं, भजनं, रात्रीच्या मैफली. निवृत्त झाल्यावर एक अख्खा पावसाळा टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडून त्यांनी ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक बाजू एमपी३ केली. नंतर कॅसेटींना बुरशी लागली, तो कॉम्प्युटरही भंगारात गेला. म्हणजे आता आयपॉड हीच एकमेव प्रत.

लॅपटॉप २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ म्हणतं, तुमचं मशीन बसत नाही. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवलं. त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, आयपॉडकडे पाहिलं आणि "दोन्ही टाका" म्हणाला. बाबा परतीच्या गाडीत मुलुंड येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मागे एकदा मी आयपॉड या लॅपटॉपच्या आयट्यून्सला (आयपॉडमध्ये गाणी भरायचं अॅपलचं सॉफ्टवेअर) जोडला, तर त्याने विचारलं की हा दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून सिंक करू का? माझं बोट माउसवरच होतं. बाबा मागून ओरडले म्हणून वाचलो. तेव्हापासून तो फक्त चार्जरला लागतो.

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स (फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकावं का, टाकलं तर गाणी बाहेर काढता येतील का, आणि बाबांना बँक, ई-पेपर, मराठी टायपिंग जमेल असा ब्राउझर कोणता, एवढंच विचारायचं आहे. कृपया "फोनवर ऐका" सांगू नका. खिशात हात घालून, न बघता, चाकाच्या टिकटिकी मोजत ते हव्या त्या गाण्यापर्यंत पोचतात. गर्दीच्या लोकलमध्ये फोनवर हे होत नाही.

खिडकीबंद

ताई, डोळे झाकून मिंट (लिनक्सचाच एक प्रकार). त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या, ४ जीबीत चालते. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते. जुगाड करून बसवता येतं, पण फिरत्या डिस्कवर ते चालवणं म्हणजे बैलगाडीला एसी लावणं. आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. या वयाच्या लॅपटॉपला याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

आणि पेन ड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघता येतं, काही न पुसता. दोन दिवस बाबांना तसंच वापरू द्या.

साधा_माणूस

लिनक्सवाले आले! कोणी पाणी मागितलं तरी हे मिंट देतात.

विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय आहे, नोंदणी करावी लागते. घाई कशाला? माणूस ७२ चा आहे, त्याला टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) शिकवणार का?

खिडकीबंद

टर्मिनल कोण शिकवतंय? ब्राउझर उघडायचा आणि बंद करायचा. एका वर्षाने हाच धागा पुन्हा काढायचा असेल तर थांबा खुशाल.

तंबोऱ्याची_तार

भांडण बाजूला ठेवा, इथे एकमेव प्रत धोक्यात आहे. ताई, ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार नंतर. आधी गाणी बाहेर काढा.

तुमचा आयपॉड विंडोजवर फॉरमॅट झालेला असेल तर त्याच्या डिस्कची मांडणी एफएटी३२ प्रकारची आहे, म्हणजे कॉम्प्युटरला साधी डिस्क म्हणून दिसू शकतो. गाणी "आयपॉड_कंट्रोल" फोल्डरच्या आत "म्युझिक"मध्ये असतात. विंडोजमध्ये तो फोल्डर लपलेला असतो, लिनक्समध्ये उघडाच दिसतो. म्हणून पेन ड्राइव्हवरून मिंट चालू करा, आयपॉड लावा आणि अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आयट्यून्सला मधे घेऊच नका.

आत गेल्यावर घाबरू नका. एफ००, एफ०१ असे ढीगभर फोल्डर दिसतील आणि प्रत्येक गाण्याचं नाव चार भलत्याच अक्षरांचं असेल. आयट्यून्स गाणी भरताना नावं बदलतं. पण गाण्याच्या पोटातला टॅग (नाव, गायक अशी माहिती) शाबूत असतो. ईझीटॅग नावाच्या सॉफ्टवेअरने टॅग वाचून फायलींना परत नावं देता येतात. बाबांनी टॅग भरले होते का, यावर तुमचे दोन तास लागतील की दोन महिने, ते ठरेल.

ती १८ वर्षांपेक्षा जुनी फिरती डिस्क आहे. कान लावून ऐका. नेहमीच्या घुरघुरीऐवजी टक्-टक् येत असेल तर थांबा आणि जे महत्त्वाचं ते आधी उचला.

मुलुंडकरीण

टॅग! बाबांनी प्रत्येकाला टॅग दिलाय. गायक, राग, रेडिओवर लागल्याची तारीख, "मधे बातम्या" असा शेरासुद्धा. घुरघुर आहे, टकटक नाही.

अवांतर: सगळं एफएलएसीमध्ये (आवाजातलं काही न गाळणारा फाइलचा प्रकार) बदलून ठेवलं तर आवाज सुधारेल का? भाऊ म्हणतोय.

तंबोऱ्याची_तार

भावाला सांगा, उसाचा रस काढल्यावर चिपाडातून ऊस होत नाही. एमपी३ करताना जे गेलं ते गेलं. एफएलएसी केल्याने फाइल फुगेल, आवाज तोच राहील. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी, म्हणजे ३० जीबीत ५०० तास बसतात. आहे ते उत्तम आहे. कॅसेट हाताशी असती तर गोष्ट वेगळी.

पुढे गाणी भरायला मिंटमधलं रिदमबॉक्स हे गाण्यांचं सॉफ्टवेअर या पिढीचे आयपॉड ओळखतं. पण माझं मत विचाराल तर आयपॉडवर रॉकबॉक्स टाका. २००१ पासून स्वयंसेवक बनवत आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. गाणी पेन ड्राइव्हसारखी ओढून टाकायची, फोल्डर जसेच्या तसे दिसतात, सिंक वगैरे प्रकरणच नाही. तासाभराची मैफल मधेच बंद केली तर खूण ठेवून तिथूनच पुढे सुरू करता येते. मूळचं सॉफ्टवेअरही जात नाही. चालू करताना लगेच होल्डचं बटण सरकवलं की ते उघडतं.

डीएपी_वेडा

एवढी मेहनत कशाला? नवीन हाय-रेस प्लेअर घ्या, दोन मेमरी कार्डं टाका. अॅपलने मे २०२२ ला आयपॉडच बंद केला, तुम्ही अजून ३० पिनांच्या वायरीत अडकलात.

मुलुंडकरीण

त्या प्लेअरला चाक आहे का?

डीएपी_वेडा

टचस्क्रीन आहे. बरं, समजलं.

आगीनकोल्हा

ब्राउझरचं कोणीच बोललं नाही. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्दी, सगळ्यांच्या पोटात क्रोमियमच (गूगलचा मुक्त ब्राउझर). फायरफॉक्सचं गेको इंजिन तेवढं वेगळं, आणि मिंटमध्ये तो आधीपासून असतो. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन क्रोमने बंद पाडलं, फायरफॉक्सवर अजून नीट चालतं. ई-पेपरवाल्या बाबांना याचा उपयोग जास्त. बँकेची साइट फायरफॉक्सवर रुसली तर क्रोमियम बाजूला ठेवा. दोन ब्राउझर ठेवल्याने धर्म बुडत नाही.

मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये इन्स्क्रिप्टही आहे आणि कगप नावाचं ध्वन्यात्मकही. जुन्या शिवाजी किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या फायली असतील तर ते फॉन्ट आधी वाचवून ठेवा, नाहीतर पत्रांऐवजी चिन्हांची भेळ दिसेल.

साधा_माणूस

पेन्शनर असतील तर हयातीच्या दाखल्याचं काय? अंगठ्याचं यंत्र लिनक्सवर रडवतं.

आगीनकोल्हा

तो अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवून होतो, २०२१ पासून. लॅपटॉप मधे येतच नाही.

मुलुंडकरीण

अपडेट. सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचेही.

रविवारी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवलं, आयपॉड लावला, फोल्डर समोर आला. कॉपी व्हायला दुपार गेली. बाबा पूर्ण वेळ खुर्ची ओढून शेजारी बसले होते, जणू नातेवाईक ऑपरेशन थिएटरबाहेर. चार फायली वाचता आल्या नाहीत, बाकी सगळ्या आल्या. आता एक प्रत माझ्याकडे, एक भावाकडे. नावं ईझीटॅगने परत आली. बाबांच्या शिस्तीमुळे एका संध्याकाळीत काम झालं.

मग एसएसडी घेतली (दुसऱ्या दुकानातून), मिंट टाकलं, फायरफॉक्सचं चिन्ह जुन्या क्रोमच्या जागी ठेवलं. बाबांना लॅपटॉप "जरा लवकर उठतो" एवढाच फरक जाणवला. साधा_माणूस यांनी कृपया नोंद घ्यावी.

काल धीर करून आयपॉडवर रॉकबॉक्स टाकलं. फोल्डर दिसतात, मैफल जिथे थांबली तिथून सुरू होते, बाबा खूश. पण आज दादरला जाऊन आले ते कुरकुरतच. चाक फिरवलं तर आवाज येत नाही म्हणतात. टिकटिक नाही तर मोजायचं कसं? भलतंच भजन लागलं आणि घाटकोपरपर्यंत तेच ऐकावं लागलं. यावर काही उपाय?

तंबोऱ्याची_तार

सेटिंग्ज, मग जनरल, मग सिस्टीम, त्यात कीक्लिक (बटणाची टिकटिक). हेडफोनमधला आणि आयपॉडच्या आतला असे दोन वेगळे मिळतील. बाबांना आतला लागेल.

मुलुंडकरीण

आतलाच. वाजला.