मावशींना खेळांचा तक्ता कशाला?

सदाफुली: काल इथे एका ताईंनी लिहिलं, की मुलं सांभाळणाऱ्या मावशींना काही सुचत नाही, म्हणून त्यांनी फ्रिजवर तासवार तक्ता चिकटवलाय. दहाला फ्लॅशकार्ड, अकराला रंगीत तांदळाचा ट्रे, बाराला इंग्रजी गाणी. वाचून डोकं फिरलं.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा, मावशी करमाळ्याकडच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रुमालात बांधून चिंचोके आणले. फरशीवर ढीग केला, त्याला फुंकर मारायला लावली. सुटलेला चिंचोका उचलायचा, शेजारचा हलला की डाव गेला. एका जागी न बसणारं पोरगं पाऊण तास श्वास रोखून बसलं! भरवताना करंगळी-मरंगळी. पसारा आवरायला ‘शिवाजी म्हणतो, गाड्या टोपलीत’. या बाईंना मी तक्ता देऊ?

रात्रपाळी: चिंचोके वाचून पोटात गोळा आला. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोका, मणी, शेंगदाणा नकोच. खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू या वयाला बाद. सागरगोटासुद्धा मावतो त्यात.

सदाफुली: साडेचार लिहिलंय, नीट वाचा तरी. आम्ही सगळे चिंचोक्यांवरच वाढलो.

रात्रपाळी: ज्यांच्या घशात अडकला नाही ते म्हणतात असं. खाली खेळायला आलेलं शेजारचं रांगतं बाळ? सोफ्याखाली गेलेला एक चिंचोका कोण शोधतं? आणि अडकलाच तर न दिसता घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. तक्ता लावायचाच तर हा लावा.

सदाफुली: बरं. मोजून देईन, मोजून घेईन. एवढंच मान्य.

कोपऱ्यातली_खोली: तक्ता असो की चिंचोके, मावशींनी खेळायचं कधी? आमच्या मजल्यावर एकाच बाईंकडे मूल, पोळ्या, कपडे, कुकर. मग मोबाइल दिला म्हणून बोंब.

दोन_लेकींचा_बाबा: बोंब मारणारच, पैसे मोजतो आम्ही. दोनदा अचानक घरी आलो, दोन्ही वेळा धाकटी टीव्हीसमोर. वय तीन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना फार तर एक तास. आमच्याकडे दुपारीच तीन होतात.

कोपऱ्यातली_खोली: तेव्हा मावशी काय करत होत्या?

दोन_लेकींचा_बाबा: पोळ्या. पण चौघांच्याच.

कोपऱ्यातली_खोली: ‘च’ कशाला? गरम तव्याजवळ तीन वर्षांची पोर घेऊन तुम्ही लाटून दाखवा.

दोन_लेकींचा_बाबा: मी कसा बाप आहे हे तुम्ही ठरवू नका.

इंद्रायणीकाठ: माझी आई वीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती. मटार सोलायचे असले की ‘कुणाच्या शेंगेत जास्त दाणे’ खेळायची. कणीक मळताना मुलांना गोळा द्यायची, साप करा, पोपट करा. मालकिणीला वाटायचं, काय हौशी बाई आहे! हौस होतीच, पण काम उरकता उरकता मूल हाताशी ठेवायचा दुसरा मार्ग नव्हता. संध्याकाळी घरी आली की भिंतीला टेकून बसायची. मी आणि ताई चिंचोके घेऊन समोर बसायचो. ती म्हणायची, तुम्ही खेळा, मी बघते. आणि तशीच झोपायची.

सदाफुली, तुमच्या ‘गाड्या टोपलीत’मध्ये मला तीच दिसली.

सदाफुली: भांड्यांना आमच्याकडे वेगळ्या बाई आहेत.

इंद्रायणीकाठ: कपड्यांच्या घड्या?

सदाफुली: मावशीच. आणि संध्याकाळची भाजी निवडणंही. ठरलं नव्हतं ते, हळूहळू त्यांच्याकडे गेलं. उद्यापासून घड्या मी घालीन.

दोन_लेकींचा_बाबा: पोळ्यांना दुसरं कुणी मिळतं का बघतो. टीव्हीचं मात्र बोलणारच.

रात्रपाळी: चिंचोके मोजलेत का?

सदाफुली: आत्ताच मोजले. बत्तीस. झाकणाच्या डब्यात, वरच्या फळीवर.