'फलनिष्पत्ती' नक्की कशाला म्हणायचे? अंमली पदार्थ, अंदाजपत्रक आणि अडलेले शब्द

मिऱ्याकाठ (रत्नागिरी):

नमस्कार मंडळी. मी शासकीय नोकरीत आहे. अंमली पदार्थांविषयीच्या योजनांसाठी किती तरतूद झाली, त्यातली किती खर्ची पडली आणि त्या पैशातून काय साधले, याचा मेळ घालून टिपणी करणे हे माझे काम. आकडे मिळवताना दमछाक होते, पण तिची सवय झाली आहे. टिपणी मराठीत लिहायला बसलो की मात्र शब्द अडतात, आणि शब्द अडला की हिशेबही अडतो. म्हणून हा धागा.

पहिली अडचण 'ड्रग पॉलिसी'ची. 'औषध धोरण' लिहिले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोळ्यांच्या किमती आणि अन्न व औषध प्रशासन येते. १९८५ च्या केंद्रीय कायद्याच्या मराठी नावात 'गुंगीकारक औषधिद्रव्ये' असे आहे. ते बोजड वाटते, पण चुकीचे नाही. कर्करोगाच्या वेदनेवर दिले जाणारे मॉर्फिन याच कायद्याखाली येते, आणि २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक' गुंगीकारक औषधांची वेगळी सोय केली ती अशा रुग्णांपर्यंत औषध पोचावे म्हणूनच. म्हणजे कायद्यातून 'औषधि' काढता येत नाही आणि धोरणाच्या नावात ते ठेवले तर गोंधळ होतो. मी 'अंमली पदार्थविषयक धोरण' लिहितो. 'विरोधी' टाळतो, कारण उपचारही त्याच धोरणात आहेत.

दुसरी अडचण 'मागणी'ची. या क्षेत्रात खर्चाचे दोन ढोबळ भाग करतात: पुरवठा रोखणे आणि मागणी कमी करणे. पोलीस, सीमाशुल्क, तटरक्षक पहिल्यात. शाळांतली जागृती, समुपदेशन, व्यसनमुक्ती दुसऱ्यात. आता अंदाजपत्रकाच्या भाषेत 'मागणी' म्हणजे अनुदानाची मागणी, जी सभागृहात मांडतात. मी एकदा 'मागणी कमी करण्यासाठीची तरतूद वाढवावी' असे लिहिले. टिपणी परत आली. शेरा होता: 'मागणी कमी करायची की वाढवायची ते स्पष्ट करावे.' शेरा मारणाऱ्याची चूक नव्हती. तेव्हापासून मी 'सेवनाची मागणी' असे पूर्ण लिहितो.

तिसरी अडचण मोठी. इंग्रजी अहवालांत आउटपुट (योजनेतून प्रत्यक्ष काय केले) आणि आउटकम (त्यातून काय फरक पडला) असे दोन वेगळे रकाने असतात. माझ्याकडे येणाऱ्या मराठी तक्त्यांत दोहोंसाठी एकच शब्द असतो: फलनिष्पत्ती. मग तिथे काय भरले जाते? घेतलेले मेळावे, वाटलेली पत्रके, जप्त केलेला माल.

ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी अशा किनाऱ्यांवर चरसाची पाकिटे वाहून आली, ती आठवा. भर पावसात ज्यांनी किनारा पिंजून काढला त्यांच्या श्रमांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. एखाद्या पोराच्या हाती ते पाकीट लागले असते तर? पण तक्त्यात हा माल 'जप्त' म्हणून किलोत आणि कोटी रुपयांत लिहिला की तो फलनिष्पत्ती ठरतो. पुढच्या पावसाळ्यात समुद्राने काहीच आणून टाकले नाही, तर फलनिष्पत्ती घटली असे लिहायचे का? माझ्या मते जे मिळाले ते 'सापडले', ज्याच्यामागे माग काढून माणूस पकडला ते 'जप्त'. आणि यांतले काहीही आउटकम नव्हे.

तर सांगा, आउटपुट आणि आउटकमसाठी मराठीत कोणती जोडी धरावी?

खातेवही (अलिबाग):

मी कोषागारात आयुष्य काढले, आता निवृत्त. आपला प्रश्न मनापासून आवडला.

राज्याचा तो 'अर्थसंकल्प' आणि नगरपरिषदेचे, जिल्हा परिषदेचे ते 'अंदाजपत्रक' असा भेद बोलण्यात रुळला आहे. पण खात्यांच्या परफॉर्मन्स बजेटला, म्हणजे खर्चाशेजारी काम मांडणाऱ्या अंदाजपत्रकाला, आपल्याकडे 'कार्यक्रम अंदाजपत्रक' म्हणतात, 'कामगिरी अंदाजपत्रक' नाही, हे ध्यानात घ्या. 'कामगिरी'चा मूळ अर्थ सोपवलेले काम. 'तो कामगिरीवर गेला' म्हणतो तेव्हा तो अजून काही साधून आलेला नसतो. वर्तमानपत्रांनी 'दमदार कामगिरी' करून त्यात यश घातले. म्हणून अहवालात 'कामगिरी' वाचले की मी विचारतो, सोपवलेली की पार पडलेली?

केंद्राने २००५ मध्ये आउटकम बजेट सुरू केले आणि २०१७-१८ पासून आउटपुट व आउटकम शेजारीशेजारी मांडायची पद्धत आणली. तेव्हापासून हे शब्द खाली तालुक्यापर्यंत झिरपले, पण अर्थ झिरपायचा राहिला.

अजून एक सांगतो. मार्चअखेर न वापरलेला पैसा परत करतात त्याला आम्ही 'निधी समर्पित केला' म्हणतो. नव्या माणसाला वाटते, मोठ्या भक्तिभावाने कुणाला तरी दिला. प्रत्यक्षात समुपदेशकाचे पद भरले गेले नाही म्हणून त्याचा पगार परत गेलेला असतो. तुमच्या टिपणीत 'समर्पित' आला तर शेजारी 'न वापरता परत केलेला' असे लिहा. याच्या उलटही होते. शंभर टक्के निधी खर्च झाला की तीच फलनिष्पत्ती म्हणून दाखवतात. खर्च हा खर्च. तो आउटपुटही नाही.

शब्दवेडा:

'अंमली'वर थोडे लिहितो, कारण या विषयातली सगळी गंमत त्या शब्दात आहे. अरबीत 'अमल' म्हणजे कृती, काम. फारसीतून तो मराठीत आला तो राज्यकारभाराच्या अंगाने: अंमल म्हणजे सत्ता, अधिकार. 'पेशव्यांचा अंमल', 'अंमलदार'. मग दारूची किंवा अफूची सत्ता माणसावर चढते तोही 'अंमल' झाला. जुन्या कोशांत दोन्ही अर्थ शेजारी सापडतात. 'अंमलबजावणी'तला 'बजा' फारसी, म्हणजे जागच्या जागी. हुकूम जागेवर पोचवणे म्हणजे बजावणे.

आता हे वाक्य पाहा: 'ठाणे अंमलदारांनी अंमली पदार्थांच्या कायद्याची अंमलबजावणी केली.' तीनदा एकच मूळ, तीन वेगळे अर्थ.

लेखनाचे म्हणाल तर 'अमली' आणि 'अंमली' दोन्ही छापून येतात. 'अमलात आणणे' लिहिताना अनुस्वार गळतो, 'अंमलबजावणी'त टिकतो. उच्चार 'अम्मल' असा होतो, म्हणून मी अनुस्वार ठेवतो. मिऱ्याकाठ, तुम्हीही ठेवला आहे, छान वाटले.

आउटपुटला 'उत्पादन' मात्र म्हणू नका. 'अंमली पदार्थ योजनेचे उत्पादन' वाचून वाचणारा हादरेल. शिवाय 'उत्पादन शुल्क' आहेच, जुने अबकारी.

आमराई (देवगड):

आम्हा बागायतदारांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. फवारण्या किती केल्या, खत किती घातले, राखणीला किती माणसे ठेवली, ते झाले केलेले काम. झाडावर आंबा किती टिकला तो परिणाम. मोहोर भरपूर येतो आणि गळून जातो. मोहोराचे फोटो काढून कोणी पीक आले म्हणत नाही.

वेंगुर्ल्याची लेक:

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशन करते. तुमच्या तक्त्यात आमचा एकच आकडा जातो, 'लाभार्थी'. या शब्दाबद्दल बोलायचे आहे.

एक माणूस वर्षात तीनदा दाखल झाला तर तीन लाभार्थी होतात. दाखल झाला, चौथ्या दिवशी भिंत ओलांडून गेला, तोही लाभार्थी. आणि ज्याची आई दर गुरुवारी माझ्यासमोर बसून बोलते, तिची कुठेच नोंद नाही, खरे तर घर तिने सावरून धरलेले असते. 'लाभार्थी' म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. लाभ झालेला नव्हे. हे कोणी लक्षात घेत नाही.

आमच्याकडे घरची माणसे परिणाम फार नेमका सांगतात. मी फोन करून विचारते, 'कसा आहे?' उत्तर येते, 'बरो आसा, बोटीर जाता.' बोटीवर जातो, म्हणजे पहाटे उठतो, तांडेल (बोटीवरचा प्रमुख) त्याला घेतो, पैसे घरी येतात. किंवा, 'परत पिऊक लागलो,' म्हणजे तो पुन्हा प्यायला लागला. मला यापेक्षा चांगला निर्देशक अजून मिळालेला नाही. सहा महिन्यांनी किती जण कामावर आहेत, हे विचारायला एक फोन आणि एक वही पुरते. पण त्यासाठी रकानाच नाही.

'व्यसनी' ऐवजी 'व्यसनाधीन व्यक्ती' लिहा, ही विनंती. 'व्यसनी'मध्ये तो माणूसच व्यसन होऊन जातो. 'अधीन' म्हटले की सुटायची वाट राहते. आणि १९८५ च्या त्या कायद्यातही ती वाट आहे: कलम ६४ अ. थोड्या प्रमाणातल्या अंमली पदार्थासाठी किंवा सेवनासाठी आरोप असलेला व्यसनाधीन माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर खटल्यातून त्याला सवलत मिळू शकते. हे किती जणांना सांगितले गेले, असा एक रकाना कराल का?

मिऱ्याकाठ:

ताई, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. कलम ६४ अ चा रकाना टिपणीत सुचवतो आहे.

खातेवही काका, 'खर्च हा खर्च' हे वाक्य मी टेबलावर लिहून लावले. तुमच्या मुद्द्याला धरून एक परदेशातली गोष्ट. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात या धोरणासाठी वेगळे कार्यालय झाले. सगळ्या खात्यांच्या अंदाजपत्रकांतला अंमली पदार्थांचा वाटा एकत्र मांडणे आणि तो पुरेसा आहे का हे प्रमाणित करणे, हे त्याचे एक काम. २००४ च्या वित्तीय वर्षापासून त्यांनी 'अंमली पदार्थांवरचा खर्च' या शब्दांची व्याख्या बदलली आणि तुरुंगवासाचा खर्च बाहेर काढला. एकूण आकडा कागदावर कित्येक अब्ज डॉलरांनी उतरला, तुरुंग होते तिथेच होते. पुरवठा आणि मागणी यांचे प्रमाणही त्यामुळे वेगळे दिसू लागले. शब्दाची व्याख्या हे आमच्या कामातले हत्यार आहे ते असे. म्हणून मी इथे एकेका शब्दासाठी एवढा हट्ट करतो आहे.

बेसलाइनसाठी 'आधाररेषा' असा शब्द काही अहवालांत दिसतो. मी 'सुरुवातीची स्थिती' लिहितो. ती माहीत नसेल तर परिणाम मोजता येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात गांजा-भांग-चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी निघाले, पण त्यातले अंदाज राज्यापर्यंतचे आहेत. सिंधुदुर्गाची किंवा रायगडाची सुरुवातीची स्थिती त्यातून काढता येत नाही. तिथे ताईंची वही कामाला येईल.

शब्दवेडा:

शिक्षण विभागाने 'अध्ययन निष्पत्ती' आउटकमसाठी पक्की केली आहे, शिक्षकांच्या तोंडी बसली आहे. म्हणून 'निष्पत्ती' आउटकमसाठीच राखून ठेवा. त्याआधीचे 'फल' काढून टाका. 'फल' जोडल्यामुळेच मेळावे आणि पत्रके त्यात शिरली असावीत.

खातेवही (अलिबाग):

मला 'निष्पत्ती'ही जड वाटते. तक्ता तलाठ्यापासून सचिवापर्यंत सगळे वाचणार. आमराईंनी 'केलेले काम' दिलेलेच आहे की. त्याच्या जोडीला 'झालेला बदल' घ्या.

मिऱ्याकाठ:

तेच घेतो. सुधारलेल्या तक्त्याचे रकाने असे केले आहेत: तरतूद, प्रत्यक्ष खर्च, न वापरता परत, केलेले काम, झालेला बदल. 'केलेले काम' खाली 'माग काढून जप्त' आणि 'किनाऱ्यावर सापडलेले' वेगळे. 'झालेला बदल' खाली 'सहा महिन्यांनी कामावर असलेले'. लाभार्थ्यांच्या जागी 'दाखल व्यक्ती', एका माणसाची एकदाच मोजणी. तिच्या शेजारी आणखी एक रकाना हवा, त्याचे नाव सुचत नाही. ताई, 'परत दाखल' लिहू की 'पुन्हा दाखल'?

वेंगुर्ल्याची लेक:

'पुन्हा' लिहा. 'परत' म्हटले की घरच्यांना परत पाठवल्यासारखे वाटते. आणि तो रकाना लाल रंगात नको. जो पुन्हा आला, तो निदान आला.