सिएम रीपचे ग्रँड हॉटेल आणि दुपारची विश्रांती
कंबोडियातल्या सिएम रीप शहराजवळची अंगकोरची मंदिरे पाहण्यात सगळा दिवस जातो, मग शहरातल्या १९३२ सालच्या ग्रँड हॉटेलवर एवढा खर्च कशाला, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. दुपारच्या उन्हात दगड इतके तापतात की कोरीवकामाकडे लक्षच लागत नाही. फ्रेंच अमदानीतल्या त्या इमारतीत परतून लाकूड आणि लोखंडी जाळीच्या जुन्या लिफ्टने खोलीत जावे, चार घटका पडावे आणि ऊन कलल्यावर पुन्हा निघावे, हेच मला मानवले.

मात्र सकाळ वाया घालवू नये. अंगकोर वाट हे तिथले मुख्य मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळे सगळे जण सूर्योदयासाठी पश्चिमेकडच्या तळ्याकाठी दाटी करतात आणि मग न्याहारीला परततात. त्याच वेळी आम्ही मागच्या, पूर्वेकडील ओवरीत गेलो. तिथे सुमारे ४९ मीटर लांबीच्या समुद्रमंथनाच्या शिल्पपटावर कोवळे ऊन तिरपे पडते आणि वासुकीला ओढणाऱ्या ९२ असुरांचे आणि ८८ देवांचे ताणलेले हात उठून दिसतात. लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट इतक्या दूर दगडात भेटली, तेव्हा माझे डोळे भरून आले.